सुखाची तुलना

मनुष्याची बुद्धि जें जें पाहते, तें तें दुसऱ्या कशाच्या तरी शेजारीं ठेवून पाहते. लांब व आंखूड, जड व हलकें, स्वस्त व महाग हे सारे शब्दच मुळीं तुलनेचे आहेत. आपल्या नैयायिकांनीं तर उपमानाला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. गाय पाहिलेल्या मनुष्यास तिच्यासारखा दिसणारा गवय रानांत ओळखतां येतो, तो सादृश्याच्या बळावरच. तेव्हां तुलना हा दोष आहे असें म्हणणें म्हणजे बुद्धीलाच दोष देणें होय. परंतु दोन वस्तूंची तुलना ही एक गोष्ट, आणि आपण भोगलेल्या सुखाची दुसऱ्याच्या सुखाशीं तुलना ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलीनें ज्ञान वाढतें. दुसरीनें काय वाढतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण अगदीं घरगुती घेऊं. मुंबई बंदराच्या पूर्वेस, खाडीच्या पलीकडे, सिडकोनें वसविलेलें उलवे हें उपनगर आहे. पूर्वीं जेथें भातशेती, खाजणें आणि आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं, तेथें आतां सेक्टरांच्या आंकड्यांनीं ओळखल्या जाणाऱ्या उंच इमारती उभ्या आहेत. २०२४ च्या जानेवारींत शिवडीपासून निघणारा सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला, आणि मुंबईचा धक्का, जो येथून डोळ्यांना जवळ पण पायांना दूर होता, तो पायांनाही जवळ झाला. २०२५ च्या डिसेंबरांत शेजारच्या विमानतळावरून विमानेंही उडूं लागलीं. येथें राहणारीं कुटुंबें बहुतेक नोकरदार. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि वर्षांतून एखादी सुट्टी, असा त्यांचा संसार. अशा घरांतून अलीकडे एक नवा विषय ऐकूं येतो, तो सुट्टींतील जलविहाराचा. एक कुटुंब २०१९ सालीं ‘कर्णिका’ जहाजानें जाऊन आलेलें असतें, दुसरें त्यानंतर ‘एम्प्रेस’नें, आणि दोघे एके ठिकाणीं जमले म्हणजे कोणतें जहाज अधिक चांगलें हा वाद रंगतो. खोली कोणाची मोठी, जेवणांत पदार्थ किती, पोहण्याचा तलाव कसा, मुलांच्या खेळांची सोय कशी, रात्रींचे कार्यक्रम कसे, आणि सरतेशेवटीं भाडें किती पडलें. एकेक कलम काढून जमाखर्च मांडला जातो.

ह्या दोन जहाजांची हकीकत पाहण्याजोगी आहे. दोन्ही १९९० सालचीं. ‘कर्णिका’ इटलींतील मोन्फाल्कोने येथें बांधली गेली. तिचें मूळ नांव ‘क्राऊन प्रिन्सेस’, आणि तिच्या बाह्य आकाराची कल्पना रेन्झो पियानो ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाची. ‘एम्प्रेस’ फ्रान्समधील सां-नाझेर येथील. तिचें मूळ नांव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. पहिली सुमारें ७०,००० टनांची, दुसरी सुमारें ४८,५०० टनांची. हा टन मात्र वजनाचा नव्हे. जहाजाच्या आंतील बंदिस्त जागेचें तें माप आहे. मालक बदलले तशीं नांवेंही बदललीं. ‘कर्णिका’ हें त्या जहाजाचें सहावें नांव. २०१९ च्या एप्रिलांत तिच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या, पुढल्याच वर्षीं महामारीच्या तडाख्यांत ती कंपनी बंद पडली, आणि जहाज अलंगच्या किनाऱ्यावर मोडीस गेलें. २०२१ च्या सप्टेंबरापासून ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवें, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करूं लागली. एका वयाचीं, एका घाटाचीं, एकाच बंदरांतून निघणारीं अशीं हीं जहाजें. दोहोंवर भोजनगृहें, तलाव, नाट्यगृह आणि बाजारही. दोघांत फरक आहे, नाहीं असें नाहीं. पण तो दोन भावंडांतला फरक आहे.

आणि वादाचें मूळ तरी ह्या सारखेपणांतच आहे. घारापुरीला जाणाऱ्या लाँचची ‘एम्प्रेस’शीं तुलना कोणी करीत नाहीं, कारण तेथें तुलनेला जागाच नाहीं. अरिस्टॉटलनें फार पूर्वीं दाखवून दिलें कीं मत्सर हा बरोबरीच्यांत उपजतो. वयानें, नात्यानें, धंद्यानें जे आपल्यासारखे, त्यांचेंच वैभव मनाला टोंचतें. राजाच्या प्रासादानें आपली झोंप उडत नाहीं. समोरच्या सदनिकेंतल्या नव्या खिडकीनें उडते. म्हणून जितका फरक लहान, तितका त्याविषयींचा आग्रह मोठा, असा हा उलटा न्याय आहे.

यावर व्यवहारी वाचक म्हणेल, “तुलना न करून कसें चालेल? मध्यमवर्गीयाचा पैसा कष्टाचा असतो. चार माणसांनीं तीन दिवस जहाजावर काढावयाचे म्हणजे कित्येक घरांत महिन्याची बचत खर्ची पडते. डोळे मिटून तिकीट काढणें हा संतोष नव्हे, गबाळेपणा आहे.” हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. निघण्यापूर्वीं तुलना अवश्य करावी, व ती वाण्याच्या काटेकोरपणानें करावी. किंबहुना लोक करतात त्याहून अधिक करावी. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट वाटेंतच बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसांना जलसमाधि मिळाली. हें घडलें तें ह्याच बंदराच्या पाण्यांत. ‘टायटॅनिक’ १९१२ सालीं बुडाली, तेव्हां तिच्यावरील सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या तिच्यावर नव्हत्या. त्यानंतर दोन वर्षांनीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार लंडनला झाला. जहाजाची निवड करतांना होड्या किती, नियम कोणते, आजारी माणसाची सोय काय, हें विचारणें हें कुटुंबप्रमुखाचें कर्तव्यच होय. त्याची तुलना सुखाची नसून जबाबदारीची आहे.

पण परत आल्यावरची तुलना निराळी. तेव्हां निवड संपलेली असते, पैसा गेलेला असतो. हातीं उरलेलें असतें तें फक्त सुख. एखाद्या मुलानें पहांटे डेकवर उभें राहून पाण्यांतून वर येणारा सूर्य पाहिलेला असतो. चार दिवसांनीं त्याला कळतें कीं दुसऱ्या जहाजावरची घसरगुंडी अधिक उंच होती. सूर्य तोच, समुद्र तोच, पाहणारा तोच. तरी त्याच्या आनंदांतून कांहीं तरी वजा होतें. येथें ज्ञान वाढलें असें म्हणावयाचें, कीं धन गेलें असें म्हणावयाचें? आमच्या मतें येथें दुसरी गोष्ट घडली. जें ज्ञान कोणत्याही पुढील कृतीला उपयोगी नाहीं व मागील अनुभव मात्र नासवतें, त्याला ज्ञानाचा मान देण्याचें कारण नाहीं.

इंग्लंडांत बेंथामनें सुखाची मोजदाद करण्याचें शास्त्र काढलें. तीव्रता, काल, निश्चितता इत्यादि मापें त्यानें सुचविलीं. त्याचाच वारसा चालविणाऱ्या मिल्लनें मात्र ओळखलें कीं सुखासुखांत जातीचाही भेद आहे, आणि दोन सुखांपैकीं श्रेष्ठ कोणतें हें ज्यानें दोन्ही अनुभविलीं त्यानेंच ठरवावें. ही कसोटी आमच्या उदाहरणाला लावून पाहूं. ज्यानें दोन्ही जहाजांतून प्रवास केला असा न्यायाधीश आपणांस मिळेल. पण ‘कर्णिके’वर जो गेला होता तो आठ वर्षांचा मुलगा होता, ‘एम्प्रेस’वर गेला तो बारा वर्षांचा. पहिल्या वेळीं समुद्र नवा होता, दुसऱ्या वेळीं तो ओळखीचा होता. पहिल्या सफरींत आजी बरोबर होती, दुसरींत नव्हती. जहाजें दोन झालीं खरीं. पण त्यांच्याबरोबर जाणाराही बदलला. वस्तु तीच ठेवून पारखी बदलावा, किंवा पारखी तोच ठेवून वस्तु बदलावी, तर परीक्षा होते. दोन्ही एकदम बदललीं म्हणजे उरतो तो निव्वळ अभिप्राय. आणि आतां तर एक जहाज मोडलें गेलें आहे. त्याची तुलना म्हणजे डोळ्यांसमोरच्या वस्तूशीं आठवणीची तुलना, आणि आठवण ही कधींच निःपक्षपाती साक्षीदार नसते.

याहून मोठी अडचण पुढें आहे. सुख जर जहाजाचा गुण असता, तर एका जहाजावरील सर्वांना तें सारखें मिळतें. प्रत्यक्षांत एकाच खोलींत उतरलेल्या कुटुंबाच्या चार सफरी होतात. मुलगा दिवसभर पाण्यांत असतो. वडील डेकवरही कचेरीच्या कामाच्या चिंतेंत असतात; फोनला संदेश न मिळाल्याचें दुःख त्यांना होतें कीं सुख, हें त्यांनाच सांगतां येत नाहीं. आजीला कोंकणच्या बोटीचे दिवस आठवतात. वळकटी पसरून डेकवर काढलेली रात्र, बंदराबाहेर थांबलेली बोट आणि पडावांतून कांठाला जाणारीं माणसें. आणि आई? तिच्या प्रवासाची गोष्ट अगदीं थोडक्यांत सांगतां येते. तीन दिवस तिला उद्यां काय करावयाचें हा प्रश्न पडला नाहीं. ताट समोर आलें आणि उचललें गेलें. तीन दिवस ती सर्वांबरोबर जेवली. एका कुटुंबांतील ह्या चौघांत जें अंतर आहे, तें दोन जहाजांमधील अंतरापेक्षां कितीतरी अधिक आहे. मग जहाजांचा वाद घालणारे नेमकें काय मोजीत असतात?

तैत्तिरीय उपनिषदांत आनंदाची मीमांसा आहे, व तीही मोजमापानेंच केलेली आहे. तरुण, सुशील, विद्यावान, दृढ, बलवान अशा पुरुषास धनानें भरलेली सारी पृथ्वी मिळावी, तो मानुष आनंदाचा एक एकक. त्याच्या शंभरपट वरच्यांचा, त्याच्याही शंभरपट त्याहून वरच्यांचा, अशी ती पायरी ब्रह्मापर्यंत चढत जाते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना ही चढण ठाऊक असेल. पण वरच्या प्रत्येक पायरीवर ऋषि एक गोष्ट पुनःपुन्हां जोडतो: हाच आनंद वासनेनें न ग्रासलेल्या श्रोत्रियाचाही आहे. म्हणजे मोजणी पुरी होण्याच्या आधींच तिनें आपलें माप वस्तूवरून काढून भोक्त्यावर ठेवलें. येथें संसार सोडण्याचा उपदेश आहे असें समजण्याचें कारण नाहीं. गृहस्थानें यांतून एवढेंच घ्यावें कीं किती मिळालें याचा हिशोब समुद्रावर न करतां घागरीवर करावा.

तरी एक शंका उरते, आणि ती गंभीर आहे. संतोषाचें हें तत्त्वज्ञान, ज्यांना भरपूर मिळालें आहे त्यांनीं, ज्यांना मिळालें नाहीं त्यांना सांगावयाचें, असा त्याचा गैरवापर पुष्कळ झाला आहे. “शेजाऱ्याकडे पाहूं नको” हा उपदेश गरिबाला केला म्हणजे तो अन्यायाचा रखवालदार होतो. म्हणून आम्ही येथें एक रेघ ओढतों. सुखाची तुलना करूं नये. हक्काची तुलना अवश्य करावी. उलव्याच्या आसपासचीच गोष्ट घ्या. नव्या मुंबईसाठीं ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या शेतकऱ्यांनीं आपल्या मोबदल्याची जमिनीच्या खऱ्या मोलाशीं तुलना केली. १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत झालेल्या आंदोलनांत पांच जणांचे प्राण गेले, आणि पुढें विकसित भूखंडाचा कांहीं भाग मूळ मालकांना परत देण्याचें धोरण आलें. ती तुलना मत्सराची नव्हती, न्यायाची होती. ज्या रस्त्यानें आपण आज सुखानें धक्क्याकडे जातों तो त्यांच्या शेतांवरून गेला आहे. जहाजावरही तसेंच. आपल्या तीन दिवसांच्या सुट्टीसाठीं शेंकडो माणसें कित्येक महिने आपल्या मुलाबाळांपासून दूर राहून काम करीत असतात. वरच्या मजल्याची खालच्या मजल्याशीं तुलना मात्र परतल्यावरच्या गप्पांत कधीं निघत नाहीं. ती निघावी, ‘आपण किती सुखी’ असें समाधान मिळविण्यासाठीं नव्हे, तर आपल्या सुखाची किंमत दुसरें कोण देतें हें कळावें म्हणून.

आणि ह्याच न्यायानें सर्वांत महत्त्वाची तुलना आपल्या स्वतःच्या घराशीं आहे. आई जहाजावर हंसली, ती तेथील झुंबरांमुळें नव्हे; तीन दिवस चूल तिच्या डोक्यावर नव्हती म्हणून. वडिलांना दर रविवारीं जी विश्रांति सहज मिळते, ती तिला मिळण्यासाठीं समुद्रावर जावें लागलें, हें त्या घराला भूषणावह आहे काय? ‘कर्णिका’ बरी कीं ‘एम्प्रेस’ बरी, ह्या वादांत हा प्रश्न बुडून जातो. जहाज आणि जहाज यांच्या तुलनेंतून एक नवें तिकीट निघेल. जहाज आणि घर यांच्या तुलनेंतून घर सुधारेल. आठवड्यांतून एक दिवस स्वयंपाक इतरांनीं करावा, ताटें ज्याचीं त्यानें उचलावीं, आजीच्या बोटीच्या गोष्टी मुलांनीं ऐकून घ्याव्या. यांतल्या कशालाही भाडें पडत नाहीं.

तेव्हां निघण्यापूर्वीं हिशोब करावा, समुद्रावर असतांना तो मिटून ठेवावा, आणि परतल्यावर उघडला तर पान निराळें उघडावें. शेजाऱ्याला अधिक काय मिळालें हें त्या पानावर नसावें. आपल्या घरांत कोणाला काय मिळत नव्हतें, तें असावें. एवढें ज्याला जहाजावरून आणतां आलें, त्याला आपलें जहाज दुसऱ्यापेक्षां लहान होतें कीं मोठें, हें विचारण्याची आठवण राहील असें आम्हांस वाटत नाहीं.