वाशीमचे दहा

शाळेत त्याला सगळे ‘टेशन’ म्हणायचे. वडील वाशीमच्या स्टेशनात मालबाबू, राहायला रेल्वेचं क्वार्टर, म्हणून टेशन. ही मंडळी यहुदी आहेत हे गावाला ठाऊक होतं. यहुदी म्हणजे काय, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. गावात त्यांचं एकच घर. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, रूळ मीटर गेजचे होते. त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आणि आडनावाच्या शेवटी ‘कर’. एवढं पुरे होतं.

परवा तो आला. आता ठाण्याला असतो. मला ‘मास्तर’ म्हणतो, कारण जन्मभर मी तेच केलं. आमच्या हिने पोहे काढलेले दिसताच तो थेट स्वयंपाकघरात गेला. “वहिनी, फोडणी राहू द्या. नारळ आहे का?” पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवले, नारळ खवला, साखर आणि वेलचीपूड घातली, वर केळ्याच्या चकत्या. पोहे मोडणार नाहीत अशा बेताने बोटांनी कालवले.

“हा मलिदा. नवस फेडताना, लग्नाआधी, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात. आज प्रार्थना नाही, म्हणून हे नुसते गोड पोहे समज. तुझ्या पथ्याला चालतील. कांदा नाही, बटाटा नाही.”

मी दिगंबर जैन. चालले.

“आई नारळ बालाजीच्या देवळासमोरून आणायला पाठवायची,” तो म्हणाला. “आणि दर वेळी बजावायची, देवाला दाखवलेला आणू नकोस रे.”

खाता खाता खरा विषय निघाला. त्याचा नातू बारा वर्षांचा आहे. तेरा पूर्ण झाले की बार मित्झ्वा, म्हणजे त्या दिवसापासून मुलगा मोठ्या माणसांत मोजला जातो. पोरगं आपल्या हौसेने ऑनलाइन शिकतंय. शिकवणाऱ्या बाई इस्राएलमधल्या. त्यांनी सगळ्या मुलांना लिहून आणायला सांगितलंय, तुमच्या घरातले पुरुष चार पिढ्या कुठे आणि कुणाबरोबर प्रार्थना करत होते?

“त्याने बापाला विचारलं. बाप म्हणाला, आजोबांना विचार. मी पंधरा दिवस टाळतोय.”

“त्यात टाळायचं काय? लिही म्हणावं, वाशीमला, रेल्वे क्वार्टरात.”

“आणि कुणाबरोबर?”

मी गप्प बसलो. मला ते ठाऊक होतं, कारण माझे वडील त्यात होते.

गेलेल्या माणसामागे मुलाने कद्दीश म्हणायचा असतो. तो एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष हजर लागतात. वाशीममध्ये होता एक. पुढे टेशन तेराचा झाला तेव्हा दोन. पण मालबाबूंच्या आईची वरसी तर दर वर्षी यायची. त्या संध्याकाळी ते माणसं जमवत. स्टेशनमास्तर, दोन पॉइंट्समन, केबिनवाला, दोन हमाल, एक टांगेवाला, कोपऱ्यावरचा न्हावी आणि माझे वडील. नऊ ते आणि दहावे स्वतः मालबाबू. सगळ्यांनी डोकी झाकायची. कुणाची गांधी टोपी, कुणाचा फेटा, हमालांचे गमछे, स्टेशनमास्तरांची सरकारी टोपी. मालबाबू हिब्रूत म्हणत जात, मध्येच थांबून हाताने खूण करत, आणि सगळे ‘आमेन’ म्हणत. टांगेवाला ‘आमीन’ म्हणायचा.

“आता हे मी त्या पोराला सांगू?” टेशन म्हणाला. “दहा म्हणजे दहा, एवढं तो आत्ता कुठे शिकलाय. त्याला सांगू, की तुझ्या पणजोबाने दहातले नऊ उसने आणले?”

“सांग. दहा का लागतात? माणसाने एकट्याने शोक करू नये म्हणून. तुझ्या वडिलांनी तेवढंच पाळलं.”

“ही तुझी मास्तरकी. नियमात ‘शोक एकट्याने करू नये’ असं नाहीच, नियमात ‘दहा यहुदी’ आहे. तू अर्थ काढतोस आणि त्या अर्थात नियम विरघळवून टाकतोस. बरं, तू रात्री जेवतोस?”

“नाही.”

“का?”

“अंधारात अन्नात जीव पडतात. दिवा लावला तर त्यावर किडे येतात.”

“आता घरात ट्यूबलाइट आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत. मग का नाही जेवत?”

मला उत्तर सुचेना. खरं सांगायचं तर आजीने जेवू दिलं नाही म्हणून जेवत नाही. तिने कारण कधी सांगितलं नव्हतं. कारण मला पुढे पुस्तकात सापडलं, आणि मी ते मोठ्या उत्साहाने माझ्या मुलाला समजावून सांगितलं. तो हुशार. त्याने कारण तपासून पाहिलं, आता लागू होत नाही असं ठरवलं, आणि पुण्यात रात्री दहाला जेवतो. हे मी टेशनला सांगितलं. तो हसला नाही.

“आमच्या लोकांना कारणं कुणी सांगितली?” तो म्हणाला. “नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या बुडाल्या, असं घरोघर सांगतात. खरं किती, देव जाणे. पण तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. शनिवार का, ते विचारलं असतं तर बहुतेकांना सांगता आलं नसतं. मग डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी आला. त्याने बायकांपुढे मासे टाकले. त्यांनी पर आणि खवलं असलेले तेवढे वेगळे काढले, आणि हे यहुदीच अशी त्याला खात्री पटली.”

“आणि मग त्याने काजी नेमले ते पुरुष. परीक्षा बायकांनी दिली आणि नोकरी लागली तिघा पुरुषांना.”

“तेही खरं,” तो म्हणाला. “पण मुद्दा तुझ्या लक्षात येतोय ना? कारण माहीत नव्हतं म्हणून टिकलं.”

मला हे मान्य नव्हतं, आजही नाही. नुसत्या सवयीवर सगळं भागलं असतं तर शाळा निघाल्या नसत्या. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, कारण लोक पाठ म्हणत होते आणि काय म्हणतोय हे त्यांना कळत नव्हतं. पुण्याला १८७४ मध्ये वल्हांडणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासकट छापली गेली. तिच्या चित्रात बायका खाली बसून बिनखमिराच्या भाकरी करताहेत. आमच्या जैनांकडे कारंज्याला तेच झालं. भट्टारकांच्या पीठात पोथ्यांची भांडारं होती आणि घरोघरी आज्या रात्री चूल विझवत होत्या, पण पोथी आणि चूल यांची गाठ पडत नव्हती. म्हणून तर १९१८ मध्ये तिथे महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. घर पुरेसं आहे असं केहिमकरांना वाटलं नाही आणि कारंजेकरांनाही वाटलं नाही.

“आणि तुमचं पहिलं व्याकरण कुणी लिहिलं?” मी विचारलं. “जॉन विल्सन, १८३२. मराठीतून हिब्रू व्याकरण. पाद्री. तुम्हाला ख्रिस्ताकडे न्यायला निघाला होता.”

“व्याकरण ठेवून घेतलं आम्ही,” टेशन म्हणाला. “बाकीचं त्याला परत दिलं.”

आता दोघेही हसलो. पण तो लगेच गंभीर झाला.

“माझं म्हणणं मलाच पटत नाही, मास्तर. कारण माहीत नसलं की टिकतं, असं मी म्हणतोय. मग माझ्या मुलाकडे काय टिकलं? मी त्याला कारणंही दिली नाहीत आणि नियमही नाहीत. चांगली इंग्रजी शाळा दिली. बाप शनिवारी पावत्या फाडत होता, रेल्वेला शनिवार नव्हता. पण शुक्रवारी सांजेला आई तेलाचा दिवा लावायची, तेव्हा तो घरी असला तर उभा राहायचा. खाटीक आमच्या पद्धतीचा नाही म्हणून वाशीममध्ये घरात मटण शिजलं नाही. मला हे दिसत होतं. माझ्या मुलाला काय दिसलं? आम्ही दोघं नोकरीला, फ्लॅटला कुलूप. त्याला मलिदा तेवढा आठवतो, कारण तो गोड असतो.”

“आणि नातू?”

“नातवाला बापाकडून काही मिळालं नाही, म्हणून तर तो बाईंकडे गेला. त्या बाई जे देताहेत ते पक्कं आहे. मी त्यात वाशीमची भेसळ कशाला करू?”

भेसळ हा शब्द मला टोचला. १९६२ मध्ये इस्राएलच्या धर्मपीठाने नेमकी हीच शंका काढली होती. बेने इस्राएल, म्हणजे टेशनचे लोक, लग्नाला उभे राहिले की आधी त्यांची वंशावळ तपासा, असा हुकूम निघाला. जेरुसलेममध्ये लोकांनी ठिय्या दिला, तेव्हा १९६४ मध्ये तो मागे घेतला गेला. ती बातमी पत्रातून वाशीमच्या क्वार्टरात आली त्या दिवशी मी तिथे होतो. मालबाबूंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “दाखला हवा असेल तर इथल्या तहसीलदाराचा चालेल का विचारा.”

मी ही आठवण काढली. टेशन बराच वेळ चमच्याने वाटीतले पोहे एका बाजूला करत राहिला. मग सहज बोलावं तसं म्हणाला, “पण बापाचं एक होतं. दर वर्षी मे महिन्यात पास काढून आम्ही मुंबईला जायचो. उतरलं की आधी जुनी मशीद. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं आमचं तिथलं पहिलं प्रार्थनालय. मशिदीवरून स्टेशनला मस्जिद नाव पडलं म्हणतात ना, ती हीच. तिथे दहा माणसांत उभा राहून तो आईचा कद्दीश पुन्हा म्हणायचा.”

“पुन्हा?”

“पुन्हा. पहिल्यापासून.”

“म्हणजे वाशीमचा त्याने धरला नाही?”

“नाही धरला. नियम त्याला पुरता ठाऊक होता.”

“मग दर वर्षी आम्हा लोकांना बोलवायचे कशाला?”

“ते त्याने सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही.”

हे त्याने आजवर मला सांगितलं नव्हतं. माझे वडील गमछा गुंडाळून दर वर्षी त्या क्वार्टरात जायचे. आपण मोजले जात नाही, हे त्यांना माहीत होतं का? असावं. मालबाबू कुणाला फसवणाऱ्यांतले नव्हते.

“हे सगळं जसंच्या तसं पोराला सांग,” मी म्हणालो. “दहाचा नियम, वाशीमचे दहा आणि मुंबईचा दुसरा कद्दीश. अर्थ सांगू नकोस. मीही सांगणार नाही.”

“बाईंनी विचारलं तर?”

“बाईंना त्याला उत्तर देऊ दे. तो बारा वर्षांचा आहे, तू नाहीस.”

त्याने उत्तर दिलं नाही. वाटी धुऊन पालथी घातली आणि गाडीची वेळ विचारली.

चार दिवसांनी फोन आला. पोराने तिन्ही गोष्टी लिहून पाठवल्या होत्या. शेवटी त्याने स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: आजोबांना कारण माहीत नाही. बाईंनी बरोबरची खूण केली की नाही, ते टेशनने सांगितलं नाही.

बार मित्झ्वा ठाण्याला आहे, १८७९ च्या शार हशामाईम प्रार्थनालयात, शनिवारी सकाळी. मला बोलावणं आलंय. दहांत मी धरला जाणार नाही. जेवणात धरलाय, आणि पान सूर्यास्ताच्या आत वाढणार आहेत.