आधीचे दोन दिवस

वाशिमला एक चित्रकलेचे मास्तर होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. गॅदरिंगचे पडदे, पंधरा ऑगस्टचे फलक, गणपतीची मखरं, एखाद्या दुकानाची पाटी, कशालाही हात लावला तरी ते देखणं करून सोडत. त्यांच्याकडे एमएच ३७ पासिंगची रुपेरी रंगाची जुनी मोटार होती. मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला, तेव्हा घरात लाड करून घ्यायला ती मोटारच उरली होती.

एका कार्तिकात सोयाबीनची आवक जोरात असताना ही मोटार बाजार समितीबाहेर उभी होती. एका ट्रॉलीचा कोपरा तिला घासून गेला. डाव्या फेंडरला तळहाताएवढा खड्डा पडला, आतला पत्रा उघडा झाला आणि शेजारच्या दारावर वीतभर ओरखडा उमटला. ट्रॉलीवाला "माफ करा काका" म्हणत पुढे सरकला. मागे ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना भांडायला कुणाला फुरसत असते?

मास्तरांनी ते काम पुढे ढकललं. आधी लग्नसराई आली, मग ऊन आलं, मग पेरण्या. उघड्या पत्र्यावर तोवर तांबूस डाग धरला. आषाढ संपत आला तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "पोळ्याले लेकरं येतील. गाडीचं तोंड तं पाहा कसं झालं."

तेव्हा मास्तर गाडी घेऊन पुसद नाक्याकडे गेले. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंगचं काम चालायचं. मास्तर गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काचेतूनच विचारलं, "मिस्त्री, एक फेंडर आन् एक दार. किती घेसान?"

मिस्त्रीच्या हातात वॉटर पेपर होता, हात खडूसारखे पांढरे. तो म्हणाला, "पाहा लागन गुरुजी. उतरा ना. अंदाज सांगतो, दोन्हीचे सहा हजार, आन् तीन दिवस गाडी ठेवा लागन."

सहा हजार! मास्तरांनी गिअर टाकला आणि गाडी थेट रंगाच्या दुकानापाशी थांबवली. तिथे रुपेरी रंगाचा फवारणीचा डबा साडेतीनशेला होता. मास्तरांनी मनात हिशेब केला: मी आयुष्यभर रंगच दिला, मग मला कोण शिकवणार? दोन डबे, लांबीचा एक डबा, चार वॉटर पेपर, चिकटपट्टी. दुकानदाराने प्रायमर पुढे केला तेव्हा मास्तर हसले. "रंगावर रंग बसतोच हो," म्हणाले. प्रायमर दुकानातच राहिला. सगळं मिळून चौदाशे रुपये झाले आणि मास्तरांच्या मते चार हजार सहाशे वाचले.

या फवारणीच्या डब्याचा जन्म १९४९ सालचा, अमेरिकेतला. एडवर्ड सीमोर नावाचा एक रंगवाला होता. थंडीत घरं तापवायला तिकडे जे लोखंडी रेडिएटर असतात, त्यांच्यावर मारायचा ॲल्युमिनियमचा रंग त्याला लोकांना दाखवायचा होता. बायकोने सुचवलं, डब्यात भरून फवारून दाखव. डबा त्या कामाचा. पुढे जगाने त्याच्याकडून काय काय करून घेतलं, त्याला सीमोरचा इलाज नव्हता.

श्रावणातला पहिला कोरडा दिवस बघून मास्तरांनी अंगणात गाडी घेतली. खड्डा ठोकून वर काढायचा असतो हे त्यांना माहीत होतं, पण हातोडा कुठून आणायचा? त्यांनी खड्डा लांबीनेच बुजवला, तांबूस डागासकट. लांबी वाळली तशी बादलीभर पाणी घेऊन वॉटर पेपरने घासली, पंच्याने पुसली, चारी बाजूंनी वर्तमानपत्रं चिकटवली आणि चार वाजता रंग मारला. दारावरही मारला, ओरखडा झाकायला. नेम चांगला होता, हात थरथरत नव्हता. फक्त डबा फार जवळ धरल्यामुळे दोन ओघळ आले. ते त्यांनी बोटाने पुसले, त्यामुळे दोन बोटं उमटली.

सहाला भुरभुर पाऊस आला. गाडी पडवीखाली लोटली. सकाळी बघतात तर रंगावर साय धरल्यासारखी पांढुरकी झाक. दमट हवेत असं होतं. थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करून जातं आणि हवेतली वाफ त्या गार रंगावर बसते. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, उन्हात जाईल.

उन्हात ती झाक थोडी गेली आणि त्याहून वाईट गोष्ट दिसली. सावलीत जो रंग गाडीशी जुळत होता, तो उन्हात वेगळा पडला. रंगवलेला भाग एका गाडीचा आणि बाकीचा दुसऱ्या गाडीचा, असं वाटावं. वर सगळ्या पृष्ठभागावर बारीक खवले, संत्र्याच्या सालीसारखे. कारंजा-मंगरूळपीरकडच्या माणसाला संत्र्याची साल ओळखायला शिकवावं लागत नाही.

पोळ्याला लेकरं आली. पुण्याचा मुलगा गाडीभोवती एक चक्कर मारून काही न बोलता घरात गेला. त्याच दिवशी दुपारी बैलांना तोरणाखाली नेताना एका गड्याने फेंडरवर हात टेकला. हात उचलला तेव्हा तळव्याला रुपयाएवढी पापडी चिकटून आली. खाली गंज. आजूबाजूला मोहरीएवढे फुगे.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुसद नाक्यावर गेले. या वेळी गाडीतून उतरले.

मिस्त्री हसला असता तरी चाललं असतं. त्याने फक्त अंगठ्याने फेंडर दाबला, फुगा फुटला, त्यातून पाण्याचा थेंब आला. "लांबी पाणी पेते गुरुजी," तो म्हणाला. "पाण्यानं घासली तं वाळू द्या लागते, मंग प्रायमर मारा लागते. तुमी पाण्यावरच रंग मारला. आतलं पाणी कुठी जाईन?"

मग त्याने दारावरचा मास्तरांचा रंग थिनरच्या फडक्याने पुसून काढला. जुना ओरखडा पुन्हा दिसू लागला. मिस्त्रीने त्यावरून आडवं नख फिरवलं. "नख अटकते काय पाहा." अटकत नव्हतं. "हा वरच्या क्लिअरमधलाच हाये. रंगापर्यंत गेलाच नाही. याले रंग कायले? रबिंग कंपाउंड घ्या, सुती फडकं घ्या, घरी बसून घासा. पहिल्या दिवशी उतरले असते तं तवाच सांगतलं असतं."

मास्तर गप्प. सहा हजारांतले अडीच हजार त्या दाराचे होते आणि दाराला काही झालंच नव्हतं.

"आन् फेंडर?"

"फेंडरचे साडेतीन हजार होते. आता तुमचं काम उतरवा लागन, त्याचे आठशे वर. थांबाचं असंन तं थांबा, स्टूल हाये."

मास्तर थांबले. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि खरं सांगायचं तर त्यांना मिस्त्रीची चूक काढायची होती.

पहिल्या दिवशी मिस्त्रीने रंगाचा डबा उघडला नाही. नटबोल्ट काढून फेंडर सोडवला, उलटा केला, मास्तरांची लांबी तासून काढली, गंज चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडला. मग आतून ठोकळा धरून बाहेरून हातोडी, टक टक, हळू, पत्रा पुन्हा आपल्या जागी येईपर्यंत. शेवटी नखाएवढ्या जाडीची खळी उरली, तिला लांबीचा हात दिला. संध्याकाळी फेंडर करड्या ठिगळाचा दिसत होता, सकाळपेक्षा कुरूप.

दुसऱ्या दिवशीही रंग नाही. घासाई. आधी जाड कागद, मग त्याहून बारीक, मग प्रायमर, प्रायमर वाळेपर्यंत दुसरं काम, मग परत घासाई. मिस्त्री डोळे मिटून फेंडरवरून तळवा फिरवी आणि जिथे तळवा थांबे तिथे पुन्हा कागद मारी. दुपारी हेल्पर पोरगा आला नाही तेव्हा मास्तरांनी स्टुलावरून उठून कागद हातात घेतला. अर्ध्या तासात बोटांची साल निघाली. दोन तासांनी त्यांनी विचारलं, "झालं काय?" मिस्त्रीने डोळे मिटून तळवा फिरवला. "नाही."

"अरे पण दिसत तं काहीच नाही!"

"आता नाही दिसत. रंग मारल्यावर दिसते," मिस्त्री म्हणाला. "पोळ्याले शिंगाले हिंगूळ लावाच्या आधी शेतकरी शिंगं घोळते का नाही? न घोळता लावा बरं. तिसऱ्या दिवशी पोपडे. लोक मले म्हनतात, मिस्त्री, अर्ध्या घंट्याच्या फवाऱ्याचे इतके पैसे? म्या म्हनतो, फवारा फुकट घ्या बाप्पा. पैसे आधीच्या दोन दिवसांचे द्या."

मास्तर घासत राहिले. घासता घासता त्यांना स्वतःचाच वर्ग आठवला. दरवर्षी सातवीला ते अजिंठा शिकवत. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं, हे सांगताना त्यांची मान ताठ होई. मग ते फळ्यावर भिंतीचा छेद काढत. खडबडीत दगड, त्यावर तूस आणि गवताचे तंतू घातलेल्या मातीचं लिंपण, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग सगळ्यात वर, जेमतेम कागदाएवढा, रंग. "दीड हजार वर्षं रंग टिकला तो खालच्या मातीमुळे," हे वाक्य त्यांनी तीस वर्षं मुलांकडून वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेत त्याला दोन मार्क असत.

मोटारीचं वेगळं काही नाही. कारखान्यातून येते तेव्हा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचं क्लिअर सगळं मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात चार मजले.

तिसऱ्या दिवशी रंग काढला. गाडीवर लिहिलेल्या रंगाच्या नंबराप्रमाणे मिस्त्रीने तो बनवून आणला होता, पण थेट मारला नाही. इतकी वर्षं उन्हात राहिलेली गाडी त्या नंबराची उरलेली नसते. त्याने पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारला आणि तुकडा बाहेर उन्हात दाराला लावून धरला. मास्तरही वाकले.

"निळा मारते," मास्तर म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. "कितीक?"

"थोडाच. एक थेंब काळा आन् चिमूटभर पिवळं टाक."

मिस्त्रीने टाकलं. दुसरा तुकडा मारला, तिसरा मारला. चौथा दाराला लावला तेव्हा तुकड्याची कड कुठे संपते ते दोघांनाही दिसेना. रुपेरी रंग भारी खोडकर. त्यातले ॲल्युमिनियमचे कण गन जवळ धरली की एक तऱ्हेने बसतात, लांब धरली की दुसऱ्या. तिथे मिस्त्रीचा हात हवा. पण निळा ओळखायला मास्तरांचा डोळा लागला, आणि त्या शेडमध्ये त्या दिवशी तो एकट्या मास्तरांकडेच होता.

मग मिस्त्रीने जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, तोंडाला डबड्यांचा मोठा मास्क चढवला आणि मास्तरांना बाहेर काढलं. क्लिअरमधल्या हार्डनरचा फवारा छातीत बसला की दमा धरतो, रुमालाने तो अडत नाही. मास्तरांनी अंगणात तुळशीपाशी उभं राहून, तोंडाला काहीही न बांधता फवारणी केली होती. डब्यात हार्डनर नव्हता म्हणून बरं.

फवारा चाळीस मिनिटांत संपला.

चौथ्या दिवशी हिशेब झाला. साडेतीन हजार आणि आठशे, त्रेचाळीसशे. मिस्त्रीने तीनशे परत केले. "घासाई तुमी केली. हेल्परचे कापले." मास्तर घेत नव्हते, त्याने खिशात कोंबले.

घरी येऊन मास्तरांनी दाराला कंपाउंड लावलं आणि दोन सकाळी बसून ओरखडा घालवला. बाईंनी विचारलं, शेवटी किती गेले? त्यांनी मिस्त्रीचे चार हजार सांगितले, आधीचे चौदाशे सांगितले नाहीत.

त्या फेंडरवरून दोन पावसाळे गेले आहेत. वाशिमला कधी आलात तर मास्तर तुम्हाला गाडी दाखवतील आणि कोणता फेंडर ते ओळखायला सांगतील. ओळखू येत नाही. रंगाच्या डब्यांत अर्धा डबा उरला होता, तो त्यांनी घासून, प्रायमर मारून, अंगणाच्या लोखंडी फाटकाला दिला. फाटक छान दिसतं.