वाकणारी जागा

वस्तू मोडली की आपली नजर आधी मोडलेल्या जागेवर जाते. इथंच कच्चं होतं, असं म्हणतो आणि मोकळे होतो. माणसाबद्दलही तसंच बोलतो. हे कितपत खरं, हा प्रश्न चाळीस वर्षं पोरांना शिकवताना मला पडला नाही. पडला तो रिटायर झाल्यावर, नातवासाठी धनुष्य करताना.

बांबूचं धनुष्य लहानपणी आम्ही सगळ्यांनीच केलेलं. फळीतून करायचं तर हिशेब वेगळा. धामणीचं लाकूड चिवट. कुऱ्हाडीचे दांडे, कावडी त्याच्या होतात. वखारीतून पाच फुटांची वाळलेली फळी आणली. गावातल्या सुतारअण्णांनी आधी रेषा बघायला लावल्या. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. मधेच कडेला निसटल्या तर तिथं ढलपी उडते. मधे मुठीची जागा जाड ठेवली, दोन्ही बाजू टोकांकडं निमुळत्या केल्या.

मग खरं काम. सैल दोरी लावायची, थोडं ताणायचं, लांबून बाक बघायचा. पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या अंगानं, कानशीनं जरासं घासायचं. वीस-तीस वेळा हलकं ताणायचं, पुन्हा बघायचं. घासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, म्हणून घाई नाही.

उजव्या बाजूला मुठीपासून वीतभर अंतरावर एक जागा जास्तच वाकत होती. हिचं काय करू, म्हणून अण्णांना विचारलं.

“मास्तर, तिला हात लावू नगा. जी जागा वाकत न्हाई ती घासा. शेजारची ताठ बसल्यात, म्हणून सगळा भार हिच्या एकटीवर आलाय.”

ते ऐकलं आणि आमच्या आळीतलं एक घर डोळ्यांपुढं आलं. चार भाऊ. तिघं शहरात, दिवाळीला यायचे, आपापली धान्याची पोती न्यायचे. तिसरा गावात राहिला. आईवडलांचं दुखणं-खुपणं त्याच्याकडं, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर, बहिणीचं माहेरपण त्याच्या दारात. एका पहाटे तो घरातून गेला, तो परत आला नाही. दहाव्याच्या दिवशी लोक म्हणाले, “मनानं कच्चाच होता.”

कच्चा? चौघांचा बाक त्यानं एकट्यानं घेतला होता.

यावर कुणी म्हणेल, सगळेच वाकले तर घर उभं कसं राहील? कुणीतरी ताठ लागतंच. खरं आहे. धनुष्यातही मूठ ताठच ठेवतात. पण मूठ हाताच्या पकडीएवढी. हातभर लांब मूठ ठेवून कुणी धनुष्य करत नाही.

दुसरीही गोष्ट आहे. ताठ जागा घासल्या की धनुष्य एकूण थोडं मवाळ होतं, बाण काही पावलं अलीकडं पडतो. न्यायाची किंमत असते, आणि ती ताठ बसलेल्यांनी द्यायची असते. एक पोतं कमी न्यायचं, हप्त्यातला वाटा उचलायचा, म्हाताऱ्यांना चार महिने आपल्याकडं ठेवायचं. तेही वेळेत. लाकूड एकदा दबून त्यात कायमचा बाक बसला, की पुढं कितीही घासा, ते पहिल्यासारखं होत नाही.

म्हणून हल्ली कुणाच्या घरातलं माणूस खचल्याचं कानावर आलं, की त्याला काय झालं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, त्याच्या शेजारी कोण कोण होतं?