त्यांचे कसे काय चालले आहे?

शास्त्रभाग : मार्क ५:१-२०, प्रेषितांची कृत्ये १५:३६



गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्ताची गोष्ट शब्बाथशाळेतील मुले आवडीने ऐकतात. डुकरे तर त्यांच्या पक्की ध्यानात राहतात. परंतु बरा झाल्यावर तो प्रभूबरोबर येऊ मागत असता प्रभूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठविले, ह्यावर आपण फारसे थांबत नाही. ज्यांनी त्याला साखळदंडांनी बांधले, त्यांच्यातच त्याला परत राहावयाचे होते!

आमच्या भोपाळच्या मंडळीतील एक बंधू बारा वर्षांनी मनोरुग्णालयातून घरी आले. आम्ही उपकारस्तुतीची प्रार्थना केली, पेढे वाटले आणि निश्चिंत झालो. चार महिन्यांनी मी सहज गेलो, तो ते मागच्या खोलीत. ताट निराळे, कडी बाहेरून. घरच्यांचा मी न्याय करीत नाही. ते भ्यालेले होते, आणि त्या चार महिन्यांत आमच्यापैकी कोणीही त्यांच्याकडे फिरकले नव्हते.

मानसिक आरोग्याविषयीच्या २०१७ च्या कायद्याचे १९ वे कलम म्हणते की, घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्यावरून कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे. ठीक. पण बाहेर आल्यावर पुढे काय? चेन्नईची 'द बॅनियन' ही संस्था २०१५ पासून अशा चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याचे घर घेऊन देते, सोबतीला मदतनीस ठेवते. एवढ्यावर ती थांबली नाही. पुढे दर काही महिन्यांनी त्यांची विचारपूस करून नोंद ठेवली : बाजारहाट कोण करते, बाहेर जाणेयेणे आहे का, मन कसे आहे.

पौलानेही बर्णबाला हेच सुचविले, की जेथे जेथे आपण वचन गाजविले तेथील बंधूंचे कसे चालले आहे ते परत जाऊन पाहू. त्यांतील लुस्त्र गावी त्याला दगडमार झाला होता. (सोबत कोणाला न्यावे ह्यावरून दोघांत तंटा झाला, तो भाग निराळा, भेटी मात्र टळल्या नाहीत.)

शिक्षकहो, तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाचा काका किंवा आत्या अशी परतलेली असेल. "बरे आहेत ना?" असे दारातून विचारू नका. आत जा, त्यांच्याशीच बोला. जेवायला कोणाबरोबर बसता? औषध कोण आणते? पेन्शनचे पैसे कोणाच्या हाती येतात? कडी कोणत्या बाजूने आहे, ते विचारावे लागत नाही, दिसते.

त्या बंधूंकडे आता आम्ही दोघे पाळीपाळीने दर गुरुवारी जातो. मागल्या खेपेस त्यांनी मला विचारले, "उपासना अजून साडेनऊलाच असते का?"