पाळण्यातली विधवा

जपानच्या तोकुगावा घराण्यातला सातवा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, इएत्सुगु १७१३ साली गादीवर बसला, तेव्हा त्याला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. १७१६ च्या जूनमध्ये सातवे वर्ष पुरे व्हायच्या आतच तो गेला. या तीन वर्षांचा कारभार वाईट नव्हता. हिणकस नाणे सुधारले. नागासाकीतून सोने-चांदी आणि तांबे बाहेर चालले होते, त्याला आळा बसावा म्हणून १७१५ मध्ये वर्षाला चिनी जहाजे ३० आणि डच जहाजे २ अशी मर्यादा आली. हे सारे केले अराई हाकुसेकी या पंडिताने आणि मानाबे आकिफुसा या कारभाऱ्याने. पोराचे फक्त नाव.

'राज्य नीट चालले ना, मग बिघडले कुठे?' असे विचारणाऱ्याने सम्राटांच्या क्योटोकडे पाहावे. पोरक्या शोगुनच्या नावाला वजन यावे म्हणून १७१५ मध्ये त्याची सोयरीक निवृत्त सम्राट रेइगेन यांची मुलगी यासो-नो-मिया हिच्याशी ठरली. नवरी एक वर्षाची. तिने शोगुनचे एदो शहर कधी पाहिले नाही, नवऱ्याचे तोंडही नाही. तो गेला तेव्हा तिला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे ती संन्यासिनी झाली, जोरिन-इन म्हणवली गेली आणि १७५८ मध्ये अविवाहितच वारली. म्हणजे ४२ वर्षे ती एका न झालेल्या लग्नाची विधवा होती! घराण्याचे भले करताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

दुसरा मार्ग नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. मरणासन्न बापाने, इएनोबुने, हाकुसेकीला विचारले होते: गादी घराण्याच्या ओवारी शाखेतल्या योशिमिचीकडे द्यावी का? त्याने दरबारात तट पडतील, भांडणे माजतील, असे सांगून पंडिताने पोरालाच बसवायला लावले. एवढा शहाणा माणूस, पण वंशापुढे त्याला मूल दिसले नाही. आपल्याकडेही 'पोरीच्या भल्यासाठीच' लग्न उरकणारी माणसे अडाणीच असतात असे थोडेच आहे?

आणि ज्याचा एवढा धसका घेतला होता, तेच १७१६ मध्ये करावे लागले. मूळ शाखेत कुणी उरले नाही म्हणून किई शाखेतला प्रौढ योशिमुने आणून बसवला. यादवी झाली नाही. त्याने हाकुसेकी आणि आकिफुसा दोघांनाही घरी पाठवले आणि २९ वर्षे राज्य केले.