मागून नेलेली वस्तू

आमच्या धर्मग्रामातील एका सद्गृहस्थांच्या ओटीवर, छत्र्यांच्या शेजारी, एक उंच जाडजूड पिशवी भिंतीला टेकून उभी असते. तीत गोल्फच्या काठ्या आहेत. हे गृहस्थ आयुष्याची बावीस वर्षे आखाती देशात नोकरीला होते. तेथे वरिष्ठांच्या संगतीत त्यांना या खेळाची गोडी लागली आणि इतरांनी परतताना जसे सोने आणले, तशी यांनी ही पिशवी आणली. वाडीतल्या मुलांना अजूनही प्रश्न पडतो, की एका माणसाला हॉकीच्या एवढ्या काठ्या कशाला लागतात! खेळाच्या नियमांनुसार एका फेरीसाठी खेळाडूला १४ काठ्या बाळगता येतात, हे त्या मुलांना सांगितले तर ती अधिकच चक्रावतील.

या पिशवीतील एका काठीवरून दोन जुन्या मित्रांत जे घडले, त्याने आम्हांस गेले काही महिने विचारात पाडले आहे. दोघांचीही अनुमती घेऊन आम्ही हे लिहीत आहोत. यातील एकही शब्द पापनिवेदनात ऐकलेला नाही, हेही आरंभीच सांगून ठेवतो. जे ऐकले ते चहा पिताना ऐकले.

दुसरे गृहस्थ पहिल्यांचे शाळासोबती, बँकेतून निवृत्त झालेले. मित्राच्याच काठ्यांनी, त्याच्याच देखरेखीखाली ते उतारवयात हा खेळ शिकले. जावयाने त्यांना थंड हवेच्या ठिकाणी चार दिवसांसाठी बोलाविले. तेथे गोल्फचे मैदान होते. त्यांनी जरा संकोचाने पिशवी मागितली. "घेऊन जा रे, त्यात विचारायचे काय!" असे उत्तर मिळाले. पिशवी परत आली तेव्हा तीतील सर्वांत लांब काठी, जिला ड्रायव्हर म्हणतात व जिने पहिला दूरचा टोला मारतात, ती दोन तुकड्यांत होती. दांडा खालच्या टोकाशी मोडून मुंडके वेगळे झाले होते. "नेहमीसारखाच टोला मारला. चेंडू गेला आणि मागोमाग मुंडकेही गेले," एवढेच त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात किंमत विचारली आणि संध्याकाळी पूर्ण रक्कम पाकिटात घालून आणून दिली. मालकांनी दोनदा नको म्हटले, तिसऱ्यांदा घेतली. त्यानंतर त्या ओटीवरील संध्याकाळची बैठक हळूहळू बंद पडली.

काही आठवड्यांनी मालकांनी आम्हांस विचारले, "फादर, मी पैसे घेतले ते बरोबरच केले ना?" आम्ही उत्तर दिले, "बरोबर केलेत." त्या उत्तरामागे आमची काही विचारसरणी होती. ती येथे मांडतो, कारण पुढे तिच्यातच आम्हांस खोट सापडली.

आपल्या भाषेने या विषयात एक सूक्ष्म भेद राखला आहे. घरातील साखर संपली की आपण शेजारून वाटीभर साखर उसनी आणतो. शिडी मात्र मागून आणतो. उसनी साखर आपण खातो व परत करतो ती दुसरी साखर. शिडी परत करायची ती तीच. सेमिनरीत आम्हांस या दोन व्यवहारांची लॅटिन नावे पाठ करावी लागली होती, म्युचुअम आणि कमोडाटम. पण घरातील आयाबायांना तो भेद शब्द न घोकता कळत होता. संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजाची चर्चा करताना याच भेदावर भर दिला आहे. मद्य वा गहू वापरणे म्हणजे ते संपविणे, घर वापरले तरी घर उरते. परंतु त्या संतांनाही पुरते ठाऊक असणार, की घर वापरल्याने झिजते. वापरायला दिलेली वस्तू उसनी व मागितलेली या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. ती परत येते, पण अगदी तीच परत येत नाही.

पूर्वी आमच्या वाड्यांत लग्नकार्याला घरोघरची पातेली व पराती गोळा होत. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असे. परत करताना भांडे रिकामे देऊ नये, निदान दोन केळी तरी त्यात घालावीत, अशी रीत होती. अक्वायनस यांनी हानिपूर्तीच्या प्रकरणात जे तर्काने मांडले, ते या दोन केळ्यांत आहे असे आम्हांस नेहमी वाटते. मालकाच्या संमतीने, पण स्वतःच्या लाभासाठी जो वस्तू नेतो, त्याच्या हातून ती नाहीशी झाली तरी त्याने भरपाई करावी, असे ते म्हणतात. कारण ज्याने आपल्यावर उपकार केला त्याला त्या उपकारापायी तोटा व्हावा, हे उपकाराची फेड करण्याच्या कर्तव्याशी विसंगत आहे. आम्ही जे उत्तर दिले ते याच आधारावर. उपकार करणाऱ्याच्या खिशाला चाट का बसावी?

तथापि शास्त्र इतके सरळ नाही. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात मागून आणलेल्या जनावराविषयी नियम आहे. ते जायबंदी झाले वा मेले आणि मालक तेथे नसला, तर नेणाऱ्याने भरपाई द्यावी; मालक सोबत असला तर देऊ नये. हा नियम प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो विचित्र वाटला होता. मालक जवळ उभा राहिल्याने बैलाच्या मोडलेल्या पायात काय फरक पडतो? पुढे उमगले, की फरक जाणण्यात पडतो. मालक सोबत असतो तेव्हा बैल कसा जुंपला, किती हाकला, हे त्याने पाहिलेले असते. आणि बैलाची खोड कोणती हे सांगायला तो तेथे असतो. यहुदी धर्मपंडितांनी तालमूदमध्ये याला आणखी एक जोड दिली. ज्या कामासाठी जनावर नेले तेच काम रीतीने करताना ते दगावले, तर नेणारा मोकळा. त्याने ते गोठ्यात बांधून ठेवण्यासाठी नेले नव्हते, आणि मालकालाही ते माहीत होते.

ड्रायव्हर तरी कशासाठी नेला होता? टोला मारण्यासाठीच. मुंडके ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येऊन चेंडूवर आदळते, हाच त्याचा धर्म. कोणी तो रागाने जमिनीवर आपटला असता तर गोष्ट निराळी. गोल्फच्या नियमांतही २०२३ पासून हा विवेक आला आहे. फेरीत मोडलेली काठी बदलता येते, मात्र ती खेळाडूने स्वतः आदळआपट करून मोडलेली नसावी. आमच्या बँकवाल्या मित्रांचा स्वभाव पाहता आदळआपटीचा प्रश्नच उद्भवत नाही. ते चर्चचा दरवाजाही दोन हातांनी लावतात.

तरीही आम्ही आमच्या उत्तराला चिकटून होतो. मग एके दिवशी मालक पुन्हा आले. चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नव्हता. म्हणाले, "फादर, एक गोष्ट तुम्हांला सांगितली नव्हती." मित्राने पिशवी नेण्यापूर्वी दोन महिने, गाडीच्या डिकीचे झाकण लावताना ते त्या दांड्यावर बसले होते. दांड्यावर केसासारखी बारीक रेघ उमटली. त्यांनी अंगठ्याने ती चोळून पाहिली, काही नाही असे मनाशी म्हटले, आणि त्यानंतर दोनदा त्याच काठीने ते खेळलेही. काठी मोडली नाही. मित्राला पिशवी देताना ती रेघ आठवली होती का, असे आम्ही विचारले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठवली होती असे म्हणवत नाही. आठवली नव्हती असेही म्हणवत नाही."

पोलादी दांडा मार बसला की वाकतो, आणि वाकलेला दिसतो. हा दांडा कार्बन तंतूंचे थर राळेत बसवून केलेला होता. अशा दांड्याला आतून इजा होऊ शकते आणि ती वरून जेमतेम दिसते. मग कोणत्या तरी टोल्याला तो तुटतो. तो टोला कोणाच्या हातचा असेल, हे केवळ योगायोगावर अवलंबून. तेव्हा ही काठी डिकीत मोडली की मैदानावर, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

आपल्या देशाच्या १८७२ च्या करार कायद्यात यावर एक कलम आहे. वस्तू वापरायला देणाऱ्याने तिच्यातील आपणांस ठाऊक असलेला धोकादायक दोष सांगितला पाहिजे. न सांगितल्यास त्यातून होणाऱ्या हानीस तोच जबाबदार. कायद्याने दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. घोडा खट्याळ आहे हे माहीत असूनही न सांगता तो मित्राला दिला, घोडा उधळला आणि मित्र पडला, तर दोष देणाऱ्याचा. रोमन कायदेपंडितही गळक्या पिंपांविषयी असेच सांगून गेले होते. पण कायदा 'ठाऊक असलेला दोष' म्हणतो. अर्धवट ठाऊक असलेल्या दोषाचे काय? येथे न्यायालयाचा हात पोहोचत नाही. सेमिनरीत आम्हांस अज्ञानाचे प्रकार शिकविले होते. त्यांत एक प्रकार असा, की माणूस अज्ञानात राहण्याची स्वतःच व्यवस्था करतो, कारण जाणले तर काही करावे लागेल. तेव्हा तो प्रकार आम्हांस पुस्तकी वाटला होता. अंगठ्याने रेघ चोळून पाहणाऱ्या माणसात तो पहिल्यांदा हाडामांसाचा दिसला. आणि खरे सांगायचे तर स्वतःतही दिसला. आमच्या कपाटातील किमान वीस पुस्तके इतरांची आहेत, आणि ती कोणाची हे आम्ही मुखपृष्ठ उलटून पाहण्याचे टाळत आलो आहोत.

मालकांनी पिशवी द्यायला नको होती काय? काठी जिवापाड जपायची असेल तर नकार देण्यात आम्हांस काहीच पाप दिसत नाही. "ही एक काठी ठेवून घेतो, बाकीच्या ने," एवढे बोलण्याने कोणाची मैत्री तुटत नाही. तुटत असेल तर ती फारशी नव्हती. दोष देण्यात नाही, न देण्यात नाही. तोंडाने "त्यात विचारायचे काय" म्हणायचे आणि जे सांगायचे ते पोटात ठेवायचे, यात आहे. औदार्याचा तो रुबाबच आड आला. रेघेविषयी बोलावे तर ते वाक्य थिटे पडले असते, आणि मित्राला वाटले असते की हा देताना कुरकुरतो आहे.

नेणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांची कथा आहे. यार्देनकाठी लाकडे तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडले, आणि तो तत्क्षणी आपल्या गुरूला हाक मारून कळवळला, की ती मागून आणलेली होती. पाते पुढे पाण्यावर तरंगले, हा चमत्कार सर्वांना पाठ असतो. आम्हांस मात्र अलीकडे ती हाक अधिक ऐकू येते. तो शिष्य गप्प राहिला नाही, किंमत काढायला बाजारात गेला नाही. जे झाले ते मोठ्याने बोलला. आमच्या बँकवाल्या मित्रांनी पैसे दिले, पण ते कळवळले नाहीत. "हे कसे झाले रे? आधी काही झाले होते का या काठीला?" असा एक प्रश्न त्यांनी विचारला असता, तर तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. मागून नेणाऱ्याला प्रश्न विचारण्याची लाज वाटते. त्याने नेले तेव्हाच तो अर्धा मिंधा झालेला असतो.

आम्ही मालकांना सांगितले, की आमचा पहिला निवाडा चुकला. घाईने दिला होता. पैसे परत करा, आणि पैशांच्या आधी ती रेघ सांगा. ते त्याच संध्याकाळी गेले. जाताना आम्हांसही सोबत नेले, कारण एकट्याने जाण्याचे त्यांना धैर्य होईना.

मित्राने सारे ऐकून घेतले. रागावले नाहीत. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, "तीन महिने मला वाटत होते, माझे हात गेले."

त्यांनी तेव्हापासून खेळणे सोडले होते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. आपले मनगट आता भरवशाचे राहिले नाही, वाकडातिकडा टोला बसून दुसऱ्याची वस्तू मोडली, असे त्यांनी मनात धरले होते. घरात काचेची भांडी उचलायलाही ते कचरू लागले होते, असे त्यांच्या पत्नीने आतून सांगितले. काठीची किंमत काही हजार रुपये. तिचा हिशेब कायद्याला करता येतो. हे तीन महिने कोणत्या पाकिटात घालून परत करायचे, हे आम्हांस कोणत्याही प्रकरणात सापडलेले नाही.

पैशांचे पाकीट मालकांनी टेबलावर ठेवले. मित्राने ते घेतले नाही. "टोला माझाच होता, आणि रेघेने मोडली की माझ्याने, तुला तरी काय ठाऊक?" असे त्यांचे म्हणणे. मालक ते उचलीनात. शेवटी दोघांनी ते आमच्या हाती दिले, फादर बघतील म्हणून. तेव्हापासून ते आमच्या टेबलाच्या खणात आहे. निर्गमाच्या त्याच अध्यायात शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेल्या पैशांविषयीही नियम आहेत. चोर सापडला नाही तर संशय प्रथम ठेव सांभाळणाऱ्यावरच येतो, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून आम्ही खणाला कुलूप लावले आहे.

मोडलेली काठी अजून पिशवीतच आहे, दोन तुकड्यांत. गेल्या आठवड्यात त्या ओटीवरून जाताना मित्र तेथे बसलेले दिसले. बोलणे फारसे चालले नव्हते. मालक मुंडक्याचा तुकडा हातात धरून त्यांना काहीतरी दाखवीत होते, आणि ते चष्मा कपाळावर चढवून दांड्याच्या मोडलेल्या टोकावर ती रेघ शोधत होते.