नाबोथाचा नकार

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातून लूर्दच्या यात्रेला निघालेल्या मंडळींना निरोप देण्यासाठी आम्ही सहारला गेलो होतो. यात्रेकरूंत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांचे माहेर सहारच्याच बाजूचे. लग्न होऊन त्या वसईला आल्या. तिकिटाशिवाय आत जाता येत नसल्याने निरोपाचे सारे सोपस्कार दाराबाहेरच चालले होते. त्या गडबडीत आजी समोरच्या दिव्यांकडे पाहत सहज म्हणाल्या, "फादर, माझ्या बापाची भाताची खाचरं इथंच कुठंतरी खाली आहेत." त्यात तक्रार नव्हती. वाटसरूला पत्ता सांगावा तसा तो स्वर होता. परतताना गाडीत आम्ही जपमाळ हाती घेतली खरी, परंतु मन तिच्यात लागेना.

सहार म्हटले की आज आपल्याला विमान आठवते. तिथे गाव होते आणि अजूनही आहे, हे आठवत नाही. हीथ्रोचेही असेच झाले. लंडनच्या पश्चिमेस त्या नावाची एक लहानशी वस्ती होती, भोवती भाजीपाल्याचे मळे आणि फळबागा होत्या. १९४४ साली युद्धकालीन विशेष अधिकार वापरून सरकारने ती जागा लष्करी विमानतळासाठी ताब्यात घेतली. युद्धच चालू असल्यामुळे लोकांना फारसे काही बोलता आले नाही. पुढे १९७३ साली, त्या काळी हवाई खात्यात उपमंत्री असलेल्या हॅरल्ड बॅल्फर यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात कबुली दिली, की जागा खरोखर हवी होती ती युद्धानंतरच्या नागरी विमानतळासाठी. लष्कराचे कारण पुढे केले ते जाहीर चौकशीचा फेरा टाळण्यासाठी. एका वाक्यात सांगायचे तर, लोकांना विचारावे लागू नये म्हणून युद्धाचा आधार घेतला गेला.

त्याच हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीचा वाद आज कित्येक वर्षे चालू आहे. हार्मंड्सवर्थ आणि सिप्सन ही शेजारची गावे तिच्या वाटेत येतात. २००९ साली सरकारने मंजुरी दिली, २०१० साली नव्या सरकारने ती काढून घेतली. २०१८ साली संसदेने ४१५ विरुद्ध ११९ मतांनी पुन्हा होकार दिला. २०२० साली एका न्यायालयाने तो अडवला आणि त्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने मोकळा केला. २०२५ साली सरकारने योजनेला पुन्हा पाठिंबा दिला आहे. हार्मंड्सवर्थमध्ये १४२६ च्या सुमारास बांधलेले एक प्रचंड लाकडी धान्यकोठार अद्याप उभे आहे. त्याच्या भोवतीच्या लोकांना सरकारच्या कोणत्याही आश्वासनावर विश्वास ठेवणे जड जाते, याचे आम्हांला तरी नवल वाटत नाही.

परंतु येथे थांबून आपण स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत विमानतळावरील नोकरीचा पगार येतो. आखातात गेलेली मुले त्याच दाराने गेली आणि त्यांनी धाडलेल्या पैशांतून घरे उभी राहिली. आमच्या मंदिराच्या नव्या छपरातही त्यांचा वाटा आहे. यात्रेकरू लूर्दला गेले ते चालत नव्हेत. विमानतळाला विरोध करणारा तेवढा पुण्यवान आणि बांधणारा तेवढा पापी, असा हिशेब मांडणे सोपे आहे. मात्र तो मांडणाऱ्याने आपल्या खिशातले तिकीट आधी बाहेर काढून ठेवावे.

अशा वेळी जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट हटकून सांगितली जाते. आम्हीही ती प्रवचनात अनेकदा सांगितली, आणि आता वाटते, थोडी घाईने सांगितली. इज्रेलच्या नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तो भाजीच्या मळ्यासाठी हवा होता. राजाने प्रथम काय केले हे आपण विसरतो. त्याने याहून चांगला मळा देऊ केला, किंवा रोख किंमत. आजच्या भाषेत, पर्यायी जमीन अथवा मोबदला! देकार वाईट नव्हता. नाबोथ म्हणाला, हे वाडवडिलांचे वतन आहे, मी देणार नाही. राजा तोंड फिरवून निजला, जेवेना. मग ईजबेलीने राजाच्या नावाने, राजाच्या मोहोरेने पत्रे लिहिली. उपवास जाहीर झाला, सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले. सारे कसे कायदेशीर! कागदोपत्री कोठेही खोट नाही, आणि नाबोथ मात्र गावाबाहेर दगडांखाली मेला.

एक चाणाक्ष वाचक येथे विचारील, की राजाला भाजी लावायची होती, सरकारला हजारोंची सोय करायची आहे. दोन्ही एका तागडीत कशी घालता? प्रश्न रास्त आहे. समजा, अहाबाला तो मळा कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानासाठी हवा असता, तर नाबोथाचा नकार टिकला असता का? ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपल्याला वाटते तितकी नाबोथाच्या बाजूची नाही. पृथ्वीची संपत्ती सर्वांसाठी आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या विश्वपत्रात तर सर्वांच्या कल्याणाच्या आड येणाऱ्या मोठ्या जमिनी प्रसंगी काढून घेणेही योग्य ठरू शकते, असे म्हटले. अर्थात त्यांच्या नजरेपुढे होत्या त्या पडीक ठेवलेल्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या, दोन एकरांचा मळा नव्हे. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरील विश्वपत्रात सांगितले, की एखाद्या योजनेची चर्चा होते तेव्हा त्या मेजाशी स्थानिक लोकांना विशेष स्थान असले पाहिजे. ही सर्व वचने एकत्र वाचली म्हणजे "नाही म्हणण्याचा हक्क कोणाला?" हा प्रश्न थोडा बाजूला सरतो आणि दुसरा पुढे येतो: "नाही" म्हटले गेले, की त्याचे पुढे काय करायचे?

या प्रश्नाचा अभ्यास करायचा तर जपानमधील नारिता विमानतळासारखे दुसरे उदाहरण नाही. टोकियोपासून सुमारे साठ किलोमीटरवर सानरिझुका नावाचा शेतकऱ्यांचा मुलूख आहे. तिथले पुष्कळ जण महायुद्धानंतर सारे गमावून आलेले. रान तोडून, मुळे उपटून त्यांनी त्या मातीत शेत उभे केले होते. जुलै १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने विमानतळाची जागा ठरवली. शेतकऱ्यांना ती बातमी आधी कोणी येऊन सांगितली नाही. ठरून गेल्यावर ती त्यांच्या कानांवर आली. पहिली जखम ती. किंमत कमी होती म्हणून नव्हे, तर आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्याविषयी आपल्याला विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही म्हणून! विरोधी संघटनेचे प्रमुख तोमुरा इस्साकू हे शेतीच्या अवजारांचे व्यापारी आणि शिल्पकार होते, आणि ख्रिस्ती होते.

पुढची हकिकत सुखाची नाही. १९७१ साली सक्तीने जमिनी घेतल्या गेल्या. बायकांनी स्वतःला झाडांशी साखळ्यांनी बांधून घेतले. त्या सप्टेंबरात एका एकाकी वृद्धेचे घर, आज कारवाई होणार नाही असे सांगितले गेले असताना, त्याच दिवशी पाडण्यात आले. त्या वेळी ती भाताची मळणी करीत होती. त्याच महिन्यात झालेल्या संघर्षात तीन पोलीस ठार झाले. तेही कोणाचे तरी मुलगे होते. केवळ वृद्धेसाठी रडणारी आणि पोलिसांपाशी कोरडी होणारी करुणा आम्हांला संशयास्पद वाटते. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाला चार दिवस असताना आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात शिरून यंत्रांची मोडतोड केली, आणि विमानतळ मे महिन्यात एकाच धावपट्टीवर सुरू झाला. १९८८ साली जमीन संपादन समितीच्या अध्यक्षांवर अतिरेकी गटाने प्राणघातक हल्ला केला. ज्याने सक्तीचा धिक्कार केला त्यानेच अखेर सक्ती हाती घेतली.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. १९९१ च्या नोव्हेंबरपासून सरकार आणि शेतकऱ्यांचा एक गट समोरासमोर बसू लागले. १९९३ पर्यंत पंधरा बैठका झाल्या, त्यानंतर गोलमेज परिषदेच्या आणखी बारा. सक्तीचा मार्ग सोडण्याचे सरकारने मान्य केले. १९९५ साली पंतप्रधान मुरायामा यांनी शेतकऱ्यांची क्षमा मागितली. राज्यसत्ता आपल्याच शेतकऱ्यापुढे मान लववते, असे प्रसंग इतिहासात फार नाहीत. आणि त्यानंतर काही कुटुंबांनी, ज्यांनी पैशाला व लाठीला दाद दिली नव्हती, त्यांनी, आपण होऊन जमीन दिली. दर वाढवला म्हणून एखाद्याने दिली असती तर आम्ही ते समजू शकलो असतो. येथे दरापेक्षा वेगळे काही बदलले होते. नकाराला आजवर घासाघिशीची सुरुवात समजले जात होते. आता कोणीतरी त्याला उत्तर दिले.

आपल्याकडेही याचा दुरून संबंध लागतो. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. पुढे नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठली तेव्हा साडेबावीस टक्क्यांची बोलणी होऊ शकली, ती त्या पाच मृत्यूंच्या पायावर. अधिक विकसित जमीन ही क्षमायाचना आहे का, की केवळ सुधारलेला देकार? आमचे मन अजून निर्णय देत नाही.

नारिताच्या गोष्टीलाही गोड शेवट नाही. दुसरी धावपट्टी २००२ साली उघडली तेव्हा ती ठरल्यापेक्षा आखूड होती, कारण काही शेतकरी तरीही हलले नव्हते. त्यांतील एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या खंडाने जमीन कसत होते. मूळ मालकाने ती विमानतळाला विकून टाकली. कुळ मात्र नांगर धरून राहिले. विमानांची वाट त्या शेताला वळसा घालून जात असे. अखेर न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत, रात्रीच्या वेळी, पोलिसांच्या पहाऱ्यात त्या शेतावरील बांधकामे पाडण्यात आली. कागदोपत्री येथेही खोट नव्हती. हे भूसंपादन नव्हे, साधी दिवाणी अंमलबजावणी होती, असे म्हणता येईल, आणि कायद्याने ते खरेही आहे. ज्या सत्तेने १९९५ साली मान लववली तिला हा शब्दांचा भेद पुरेसा वाटावा का, हे आम्हांला ठरवता आलेले नाही. विमानतळाला त्या जागेची गरज होती, हे आम्ही नाकारत नाही. ती गरज आमच्यासारख्या प्रवाशांनीच निर्माण केली आहे.

यात्रा आटोपून मंडळी सुखरूप परतली. आजींनी आम्हांला लूर्दच्या पाण्याची लहानशी बाटली आणून दिली. विमान उठताना खाली काही दिसले का, असे आम्ही विचारले.

"खिडकी नव्हती मिळाली, फादर," त्या म्हणाल्या.